गाडी खाली, रस्ता वर

रेसिंग ट्रॅकवर गाडी पळवायची हौस नागपुरात राहून करायची म्हणजे चेन्नई, कोइम्बतूर नाहीतर ग्रेटर नोएडा गाठा. कुठेही जा, हजार किलोमीटर आलेच. त्यामुळे वर्षातून एखादा दिवस ट्रॅक आणि उरलेलं वर्ष वर्धा रोड, सीताबर्डी आणि आमची कॉलनी.

गाडीचं सस्पेन्शन बदलायला गेलो, तर दुकानदाराचा पहिला प्रश्न, "ट्रॅकसाठी की रोडसाठी?" मी म्हटलं, "दोन्ही." मुलाला पुण्यात नोकरी हवी आणि गावाकडे ओलिताची शेतीही हवी, असं सांगणाऱ्या वधूपित्याकडे बघतात तसं त्यानं माझ्याकडे बघितलं आणि कॉइलओव्हर, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर आणि त्याच्यावरच चढवलेली स्प्रिंग, काउंटरवर ठेवले. चकचकीत, आट्यांची नळी. पान्यानं रिंग फिरवली की गाडी खाली-वर. डोक्यावर नॉब, टिक्-टिक् करत शॉक कडक होत जातो. स्प्रिंग आठ किलोची, म्हणजे एक मिलिमीटर दबायला आठ किलो वजन लागणार. ट्रॅकवर वळणात गाडी कलणार नाही हे खरं, पण कॉलनीत दबणारही नाही. दबेल तो माझा मणका.

मग हिशेब मांडला. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यातलं अंतर, १६३ मिलिमीटर. ३५ नं खाली घेतली की उरले १२८. नियमातला स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद. आमच्याकडच्या स्पीडब्रेकरनं उंची बरोबर लक्षात ठेवली, रुंदी वीतभर केली. म्हणजे हातात राहिले २८ मिलिमीटर. ते मागच्या सीटवर बसणारी मावशी एकटी संपवते. शिवाय सिमेंटचा रोड झाल्यापासून आमची गल्ली पायरीनं खाली गेली आहे.

"नुसत्या खाली घेणाऱ्या स्प्रिंगा टाकू का?" मी मेकॅनिकला विचारलं. कंपनीच्याच शॉकवर आखूड स्प्रिंग म्हणजे दबायची जागाच कमी, गाडी सारखी बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी गुटक्यावर, आदळणार, हे मला माहीत होतं. स्वस्तात होतं म्हणून विचारलं.

"भाऊ," तो हात पुसत म्हणाला, "तुम्ही गाडी खाली घेऊन राहिले, रस्ता वर येऊन राहिला. भेटतीन ना कुठंतरी!"

घरी जेवताना मी बिल्स्टाइन, आयबाख अशी शॉक-स्प्रिंगच्या कंपन्यांची नावं घेत होतो, तर आईला वाटलं जर्मनीत नोकरी बघतोय.

शेवटी शॉक घेतले चांगले, नॉबवाले. स्प्रिंग किंचित कडक, उंची कंपनीचीच. ट्रॅकला जाताना नॉब आवळायचा, परतताना सोडायचा. पहिल्याच चकरेत मावशी गप्प बसली, म्हणजे पास. आईनं मात्र उतरून गाडीभोवती एक फेरी मारली.

"एवढे पैसे घातले म्हणतोस, अन् दिसत तर काहीच नाही. बिल दाखव बरं."