भिंत फोडायची गरजच नसते

झाडात विषाणू कसा पसरतो यावरचा तुमचा लेख छान आहे, पण त्यातलं ‘विषाणू पेशीभित्तिका फोडून शेजारच्या पेशीत शिरतो’ हे वाक्य खटकलं. दोन पेशींना जोडणाऱ्या बारीक वाटा, म्हणजे प्लाझ्मोडेस्माटा, झाडात आधीपासूनच असतात. तंबाखूच्या मोझॅक विषाणूची कांडी ३०० नॅनोमीटर लांब, ती त्यातून जाणार कशी? म्हणून तो फक्त आपला आरएनए, म्हणजे जनुकीय मजकूर, पुढे सरकवतो, सोबत वाट काढून देणारं त्याचंच ‘मूव्हमेंट प्रोटीन’. गंमत पुढेच आहे. हे प्रोटीन झाडाचीच माणसं फितवतं! पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनवर काम करणारं पेक्टिन मिथाइलएस्टरेज हे विकर त्याला चिकटतं. पेशीपटलाशी संबंधित सिनॅप्टोटॅग्मिन हे प्रोटीनही कामाला जुंपलं जातं. अ‍ॅरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या छोट्या रोपात ते कमी केलं तर लागण रेंगाळते. झाड कॅलोज नावाचा शर्करेचा पदार्थ साचवून वाटेचं तोंड आवळतं, तर तो विरघळवणारं ग्लुकानेज हे विकरही झाडाचंच, आणि फावतं विषाणूचं.

आमच्या घोडबंदर रोडच्या गच्चीवर भेंडीच्या शिरा पिवळ्याधमक झाल्या की सोसायटीच्या ग्रुपवर ‘कोणतं औषध मारू?’ सुरू होतं. तो केवडा रोग. विषाणू वेगळा, पांढरी माशी आणते. बुरशीनाशक मारून काही होत नाही. रोप उपटा, माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा. लेखात याबद्दल दोन ओळी हव्या होत्या.