‘पद्धती’चं प्रकरण दोन दिवसांत उरकतं म्हणे!

संशोधक विद्यार्थ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: प्रबंधातलं संशोधन पद्धतीचं प्रकरण सगळ्यात सोपं. जुना प्रबंध समोर ठेवा, विषय-गाव बदला, नमुना ३८४ जणांचा घ्या, अल्फा (प्रश्नावलीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.७ च्या वर दाखवा, व्याख्या भरा, आणि जे फसलं ते लिहू नका. दोन दिवसांत मोकळे.

जुना प्रबंध समोर ठेवायला हरकत नाही. मथळ्यांचा क्रम कळतो, एवढाच त्याचा उपयोग. मजकूर उचलला की तो लगेच ओळखू येतो. संशोधनाआधीच्या आराखड्यातलं ‘प्रश्नावली भरून घेतली जाईल’ हे वाक्य पूर्ण झालेल्या प्रबंधात तसंच राहिलेलं परीक्षकाला दिसलं, की पुढचं सगळं तो संशयाने वाचतो.

३८४ ची तर जपमाळच झाली आहे. हा आकडा येतो १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.०५ चा वर्ग, यातून. म्हणजे ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के त्रुटी, समष्टी (ज्यातून नमुना निवडायचा तो सगळा गट) खूप मोठी आणि निवड साधी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, प्रत्येकाला सारखी संधी देणारी. नमुना किती हवा ते सांगणाऱ्या क्रेसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यात ५०० च्या समष्टीला २१७ पुरतात. उलट, शाळा निवडून तिथले सगळे शिक्षक घेतले तर एका शाळेतले शिक्षक एकमेकांसारखी उत्तरं देतात, आणि ३८४ कमी पडू शकतात. ओळखीच्यांच्या ग्रुपवर फॉर्म टाकून ३८४ जमवले, तर सूत्राचा संबंधच उरत नाही. तो सोयीचा नमुना. तसा घेणं हा गुन्हा नाही; त्याला ‘यादृच्छिक’ म्हणणं हा आहे.

मग लिहायचं कसं? ‘यादृच्छिक पद्धतीने ३८४ उत्तरदाते निवडले’ असं नव्हे. ‘तालुक्यातील शाळांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून शाळा निवडल्या, भेटीच्या दिवशी हजर असलेल्या शिक्षकांना प्रश्नावली दिली, गैरहजर शिक्षकांकडे पुन्हा जाता आले नाही’ असं. तीन साधी वाक्यं, पण वाचणाऱ्याला निवड कशी झाली आणि कोण सुटलं, दोन्ही कळतं.

अल्फाचं गणितही पाहून घ्या. विधानांमधला सरासरी सहसंबंध अवघा ०.२ धरला, तर पाच विधानांवर प्रमाणित अल्फा ०.५६ येतो, दहांवर ०.७१, वीसवर ०.८३. प्रश्नावली लांबवली की आकडा चढतो. एकच विधान शब्द फिरवून चारदा विचारलं तरी चढतो. शिवाय प्रश्नावली जे मोजायचं तेच मोजते का, हे अल्फा सांगतच नाही. त्यासाठी तज्ज्ञांना दाखवलीत का, पूर्वचाचणीत कोणतं विधान लोकांना कळलं नाही, ते का बदललं, हे लिहावं लागतं.

व्याख्यांबद्दल फार बोलायला नको. ‘संशोधन म्हणजे काय’ची पाच पानं परीक्षक उलटून पुढे जातात.

राहिला शेवटचा सल्ला, ‘फसलेलं लिहू नका’. मला हा सगळ्यात घातक वाटतो. किती प्रश्नावल्या वाटल्या, किती परत आल्या, किती बाद केल्या आणि कोणत्या निकषावर, हे आकडे याच प्रकरणात यायला हवेत. नाहीतर इथे ३८४ आणि पुढच्या प्रकरणातल्या तक्त्याची बेरीज ३६१, असं होतं. मधले २३ कुठे गेले, हा प्रश्न व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास येतो, आणि तिथे मार्गदर्शकही मदतीला येऊ शकत नाहीत.