पहाटे साडेपाचचे निरोप

बियाण्याच्या कंपनीत जूनमध्ये फोन उचलायला कोणी मोकळं नसतं आणि जुलैमध्ये उचलायची कोणाची हिंमत नसते. जूनमध्ये दुकानदार विचारतो, "पिशव्या कधी पाठवायलात?" जुलैमध्ये शेतकरी विचारतो, "उगवलं कामून न्हाई?" जालन्याच्या आमच्या ऑफिसात या दोन्ही महिन्यांच्या शिव्या वर्षानुवर्षं जिन्याखालच्या एका यंत्राने निमूट पोटात घेतल्या. तो आमचा व्हॉइसमेल: फोन कोणी उचलला नाही की निरोप ज्याच्या त्याच्या डब्यात भरून ठेवणारा. गेल्या वर्षी त्याची हार्ड डिस्क कण्हायला लागली तेव्हा शेठजी म्हणाले, "नवं बसवा. पण जुनं काही जाऊ देऊ नका."

हे वाक्य बोलायला सोपं आहे. जे निरोप कोणी कधी ऐकले नव्हते, ते हलवायचे म्हटल्याबरोबर प्रत्येकाला जिवाभावाचे झाले. गोदामातल्या मामांनी तर मला कोपऱ्यात घेऊन बजावलं, "माझ्या डब्यातला एक बी मेसेज इकडंतिकडं झाला तर बघा." मामांचा डबा उघडला. एकूण एक निरोप न ऐकलेला.

नवी यंत्रणा ॲस्टेरिस्कवर बसवायची ठरली. हे फुकटात मिळणारं सॉफ्टवेअर १९९९ पासून जगभर चालतंय, तेव्हा पैशाच्या बाजूने शेठजी खूष होते. त्यात माणसं भरायचं काम तसं सरळ आहे. एका माणसाला एक ओळ: आधी डब्याचा नंबर, मग पिन, मग नाव, मग ईमेल. जुन्या यंत्रातून यादी काढायची आणि नव्यात ओतायची. मधे एक्सेल येतं, तेवढीच अडचण. एक्सेलला सुरुवातीचं शून्य डोळ्यांपुढे नको असतं. जालन्याचा ०२४८२ त्याने २४८२ केला आणि ज्या मोबाइल नंबरांच्या आधी ९१ लावलेलं होतं ते सगळे '९.१९ ई अधिक ११' या एकाच गावचे रहिवासी झाले. जुन्या यंत्रात नावाला मोजकी अक्षरं मिळायची, म्हणून यादीत नुसतेच पाटील, पाटील, पाटील. कोणता पाटील विक्रीचा आणि कोणता गाड्या लावणारा, हे फक्त ऑपरेटर ताईंना ठाऊक, आणि त्या लग्नाला सेलूला गेलेल्या.

पिन मात्र जुन्या यंत्रातून बाहेर आलेच नाहीत. ते येऊही नयेत, त्यासाठीच ते लपवून ठेवलेले असतात. सगळ्यांना नवे, वेगवेगळे पिन चिठ्ठ्यांवर लिहून वाटले. संध्याकाळपर्यंत निम्म्या ऑफिसने स्वतःचा पिन १२३४ केला आणि उरलेल्यांनी चिठ्ठी हरवली.

खरी परीक्षा निरोपांची. नव्या यंत्रात प्रत्येक निरोपाच्या दोन फाईली असतात: एकीत आवाज, दुसरीत फोन कोणाचा, कधी आला, किती सेकंदांचा होता ही माहिती. क्रमांक शून्यापासून, म्हणजे पहिला निरोप 'एमएसजी००००'. अकाउंटवाल्या काकांना हे पटेना. "पहिलंच व्हाउचर शून्य नंबरचं? ऑडिटर काय म्हणंल?" त्यांना शांत करण्यात एक अख्खी दुपार गेली आणि अजूनही ते पूर्ण शांत झालेत असं वाटत नाही.

जुन्या यंत्रातला आवाज 'व्हॉक्स' नावाच्या प्रकारात होता. या फाईलला तोंडच नसतं. सेकंदाला किती नमुने घेऊन आवाज भरलाय, हे तिच्यात कुठेही लिहिलेलं नसतं. टेलिफोनचा रिवाज ८००० चा, म्हणून तो धरून एक निरोप शेठजींना ऐकवला. घनसावंगीकडचा, मोटेवर गाणं म्हणावं अशा दांडग्या आवाजाचा शेतकरी, पण यंत्रातून तिसरीतलं पोरगं किरकिऱ्या आवाजात भरभर कंपनीचा उद्धार करत होतं. शेठजींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "याच्या बापाला फोन द्यायला सांगा." जुन्या यंत्राने जागा वाचवायला ६००० नेच भरलं होतं, त्यामुळे चाळीस सेकंदांचा राग तीस सेकंदांत उरकत होता. आकडा बदलला आणि शेतकरी वयात आला.

एवढ्यात आमचे फिल्डचे साहेब मदतीला धावले. उगवण चाचणीत त्यांची हयात गेलेली. "सोपंय की," ते म्हणाले. "शंभर मेसेज घ्या, ओल्या गोणपाटात... म्हंजे तुमच्या त्या यंत्रात टाका. सोयाबीनला सत्तर उगवले की लॉट पास. तुमचे किती आले?" मी म्हटलं, "ब्याऐंशी." "मग लावा की शिक्का!" उरलेल्या अठरा शेतकऱ्यांचं काय, असं विचारल्यावर त्यांनी क्षणभर विचार केला. "एका ठिकाणी दोन-दोन टोबा."

त्या रात्री कोणीतरी इम्पोर्ट, म्हणजे जुने निरोप नव्यात ओतायचं काम, दुसऱ्यांदा चालवला आणि सगळे निरोप खरोखरच दोन-दोन झाले. संशयित एकच आहे, पण पुरावा नाही.

ऐकलेले आणि न ऐकलेले निरोप वेगळ्या फोल्डरांत जायला हवेत. पण ऐकल्याची खूण जुन्या यंत्राच्या डेटाबेसात होती, आवाजाच्या फाईलीत नव्हती. डेटाबेसची मोडतोड झालेली, म्हणून सगळे निरोप 'नवे' म्हणून उतरले. सोमवारी सकाळी ऑफिसातल्या प्रत्येक फोनचा लाल दिवा लुकलुकत होता. जे साहेब दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, त्यांच्या टेबलावरचाही. त्यांच्या डब्यावर अजून त्यांचाच आवाज होता, "मी सध्या जागेवर नाही," आणि हे विधान पूर्ण खरं असल्यामुळे ते काढायची गरज कोणालाच वाटली नाही.

तारखाही त्याच डेटाबेसात. संगणक काळ मोजतो तो १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिचमधल्या मध्यरात्रीपासून, सेकंदांत. तारीख सापडली नाही की तिथे शून्य बसतं आणि आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे जालन्यात ते शून्य १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच असं दिसतं. पुष्कळ निरोपांच्या तारखा मोडक्या डेटाबेसातून सोडवून आणल्या, पण काही हाती लागल्याच नाहीत. सेलूहून परतलेल्या ताई यादी बघून म्हणाल्या, "मंठा, परतूर, भोकरदन... त्या दिवशी सगळेच इतक्या पहाटे कामून उठले होते?"

विक्रीत नुकताच लागलेला एक मुलगा मात्र मनाने फार चांगला. लाल दिवा दिसला की परत फोन करायचा, असं त्याला प्रशिक्षणात सांगितलेलं. त्याने मंठ्याकडच्या एका शेतकऱ्याला फोन लावला आणि अदबीने म्हणाला, "काका, तुमचा मेसेज होता. सोयाबीन उगवलं नाही म्हणून."

"कोणत्या सालचं इचारायलास?"

मुलाने स्क्रीनवर पाहिलं. खोटं बोलायचं त्याला अजून कोणी शिकवलं नव्हतं. "एकोणीसशे सत्तर, काका."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग काका समजुतीच्या सुरात म्हणाले, "लेकरा, तवा आमच्याकडं सोयाबीन कुठं व्हतं? तवा ज्वारी अन् कपाशी. साहेबाला इचारून परत फोन कर."