पाण्याचं पीठ

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा जपानी सहकारी एरवी दिवसाला चार वाक्यं बोलतो. त्यातलं पहिलं ‘सुप्रभात’ आणि शेवटचं ‘तुमच्या आधी निघतोय, माफ करा’. पण डिसेंबर लागला की या माणसाला कंठ फुटतो. शुक्रवारी दुपारी तो मोबाइल पुढे करून मला निइगाता प्रांताच्या डोंगरातली बर्फाची खबर वाचून दाखवतो. साठलेला किती सेंटिमीटर, काल रात्री नवा किती पडला, आणि मग आवाज खाली आणून, बर्फाचा पोत. ‘कोना-युकी’ म्हणजे पिठासारखा. ‘झारामे’ म्हणजे जाड्या साखरेसारखा. आणि ‘आइसुबान’ म्हणजे घट्ट, काचेसारखा. हा शेवटचा शब्द उच्चारताना त्याचा चेहरा, पेटीतला वरचाच आंबा नासका निघावा तसा होतो.

सात हिवाळे मी हे ‘हो का, अरे वा’ म्हणत ऐकून घेतलं. माझं गाव सातारा जिल्ह्यात, पण धबधब्यांच्या बाजूला नाही. माण तालुक्यात. आमच्याकडे पाण्याचे प्रकार दोनच: टँकर आलेला आणि टँकर न आलेला. तीन मीटर पाणी जमिनीवर रचून ठेवलंय आणि लोक पैसे भरून त्यावर घसरायला जातात, ही गोष्ट माझ्या पचनी पडेना.

यंदा मुलगी सात वर्षांची झाली. तिच्या वर्गातली निम्मी पोरं स्की करून आलेली. ती विचारायला लागली, “बाबा, आपणच का जात नाही?” मी थंडी, खर्च, ऑफिसचं काम अशी कारणं जुळवत होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, “बाबा घाबरतो गं.” झालं. फेब्रुवारीतल्या शनिवारची तिकिटं निघाली.

कपड्यांसाठी आम्ही टोक्योच्या निशी-कासाई भागातली चार मराठी घरं फिरलो. एकांकडून जाकीट, एकांकडून चष्मा, तिसऱ्यांकडून हातमोजे, आणि मला विजार मिळाली ती माझ्यापेक्षा चार बोटं बुटक्या आणि वीतभर रुंद गृहस्थांची. “सांभाळून हां,” त्यांनी बजावलं, “मीही एकदाच घातलीय.” पुन्हा का घातली नाही, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

निइगाताकडे जाणाऱ्या जोएत्सु शिन्कान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एक कौतुक आहे. टोक्योहून निघालात की सव्वा तासाच्या आसपास गाला-युझावा येतं आणि ते स्टेशन म्हणजेच स्कीचं मैदान. १९९० साली, गाड्यांच्या देखभालीसाठी टाकलेल्या छोट्या फाट्यावर ते उघडलं. फलाटावरून वर जायचं, तिथेच भाड्याचं सामान, तिथेच डोंगरावर नेणारा तारेवरचा पाळणा, गोंडोला. हिवाळ्याचा हंगाम संपला की स्टेशनच बंद.

ताकासाकीपर्यंत लखलखीत ऊन होतं. निळं आभाळ, कोरडी शेतं, वाळत घातलेली पांघरुणं. मी मनातल्या मनात म्हणालो, कसला बर्फ नि कसलं काय, परत जाऊ. मग गाडी दाइ-शिमिझु बोगद्यात शिरली. बावीस किलोमीटरचा बोगदा. पलीकडे निघालो तर कुणीतरी अख्खा मुलूख पुसून टाकलेला. घरांवर घराएवढा बर्फ, गाड्यांच्या जागी उंचवटे, विजेच्या तारांवरसुद्धा पांढरी किनार.

हा चमत्कार मला मात्र कुणी समजावून सांगावा लागला नाही. सैबेरियातून कोरडा गार वारा निघतो, जपानच्या समुद्रावरून येताना पोटभर वाफ पितो, आणि डोंगर आडवा आला की सगळा माल अलीकडेच टाकून देतो. डोंगर ओलांडून टोक्योकडे जातो तो नुसता बोचरा, रिकाम्या हाताने. अगदी आमच्यासारखंच. महाबळेश्वराने सगळं उतरवून घ्यायचं आणि माण-खटावला ढगांची पाठ बघायला मिळायची. फरक एवढाच, की इथे ज्यांच्या वाट्याला जास्त येतं तेच रडतात. युझावात काही वर्षी हंगामभरात मिळून दहा मीटरच्या वर बर्फ पडतो आणि तो रोज सकाळी कुणालातरी उपसावा लागतो. निइगाताचे पुढारी काकुएई तानाका, जे १९७२ साली पंतप्रधान झाले, त्यांनी १९४६च्या निवडणुकीत भाषणं ठोकली होती की हे मधले मिकुनीचे डोंगरच सुरुंग लावून उडवू, म्हणजे वारा सरळ टोक्योकडे जाईल आणि आपल्याकडे बर्फ पडणार नाही. निघालेली माती समुद्रात टाकून सादो बेट जोडून घेऊ, हेही वर. ती निवडणूक ते हरले. मला मात्र हे वाचून फार जवळचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. आमच्याकडे दर निवडणुकीत पाणी आणून देतात, यांनी घालवून देण्याचं कबूल केलं होतं, इतकंच.

असो. खरी परीक्षा बर्फावर नव्हे, त्याआधी बाकड्यावर सुरू होते.

आतला गंजी, त्यावर लोकरीचा थर, त्यावर स्वेटर, त्यावर जाकीट. पोटावर आणि पाठीवर चिकटवायच्या गरम पुड्या, त्यांना इथे ‘काइरो’ म्हणतात. आत लोखंडाची पूड असते, हवा लागली की ती गंजते आणि गंजता गंजता तापते. मग ती विजार. आणि मग बूट. स्कीचा बूट हा बूट नव्हेच, ती पायाला केलेली अटक आहे. कडक प्लास्टिकचं नळकांडं, त्यात पोटरीपर्यंत पाय कोंबायचा आणि चार कड्या एकेक करून आवळायच्या. पहिली कडी लागते. दुसरी लागते. तिसरीला तुम्ही श्वास रोखता. चौथीला बायको गुडघा टेकून तुमचा बूट छातीशी धरते आणि म्हणते, “पोटऱ्या कधीपासून एवढ्या झाल्या रे?” एकदा कड्या बसल्या की घोटा वाकत नाही. गुडघे मात्र कायमचे किंचित वाकलेले, म्हणजे माणूस अर्धवट नमस्काराच्या स्थितीत. पायात दोन पाटे बांधल्यासारखा खाड, खाड, खाड चालत मी दारापर्यंत पोचलो. या सगळ्याला पंचवीस मिनिटं लागली होती. आणि दाराशी पोचल्यावर मला जाणवलं की सकाळच्या दोन कप चहाचा विचार आपण केलाच नव्हता.

त्या पुढच्या वीस मिनिटांबद्दल मी फार सांगणार नाही. एवढंच की जपानी संडासाची बैठक गरम असते, आणि त्या दिवसातली माझी सगळ्यात सुखाची जागा तीच होती.

आम्हाला शिकवायला आलेले सेन्सेई सत्तरीचे असतील. चेहरा रापलेला, डोळ्यांभोवती चष्म्याचा गोरा पट्टा. त्यांनी पहिल्यांदा पडायला शिकवलं, त्यात मी तरबेज निघालो. मग थांबायला. जपानी कातकाना लिपीत ‘हा’ हे अक्षर दोन तिरक्या काड्यांचं असतं, वर जवळ, खाली फाकलेल्या, खोपीच्या छपरासारखं. पायातल्या फळ्यांचं तसं अक्षर काढायचं, म्हणजे पुढची टोकं जवळ आणि मागची लांब. छप्पर जितकं रुंद तितका ब्रेक जास्त. जपानातली सगळी पोरं असंच शिकतात. सेन्सेई उतारावर उलटे, म्हणजे माझ्याकडे तोंड करून, मागे मागे घसरत होते आणि ओरडत होते, “हा! हा! हा!”

शाळेत गुरुजी माझ्या वहीवर लिहायचे, ‘अक्षर सुधारा, कोंबडीचे पाय’. तेव्हा निदान हाताने लिहीत होतो. आता पायांनी लिहायची वेळ आली. माझा ‘हा’ पहिल्या पाच फुटांत ठीक होता. मग टोकं एकमेकांकडे ओढली गेली, एक दुसऱ्यावर चढलं, आणि ‘हा’ची फुली झाली. चुकलेल्या उत्तरावर मारतात तशी. मी त्या फुलीवरून पुढे गेलो, फुली मागे राहिली. “हा! हा!” सेन्सेई. “हाय, हाय,” मी. जपानीत ‘हाय’ म्हणजे ‘होय’, त्यामुळे त्यांना वाटलं विद्यार्थ्याला समजलं.

हे सगळं ज्यांच्यामुळे झालं ते याच निइगाताच्या ताकादा गावी आले होते. थिओडोर फॉन लेर्ख, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करातले मेजर. १२ जानेवारी १९११ रोजी त्यांनी जपानी अधिकाऱ्यांना पहिल्यांदा स्की शिकवलं. (१२ जानेवारी म्हणजे आपल्याकडे जिजाऊंची जयंती, म्हणून तारीख लक्षात राहिली.) त्यांच्या हातात दोन नव्हे, एकच लांब काठी असायची. मला विचाराल तर दुसऱ्या काठीपासूनच बिघाड सुरू झाला. एक काठी असली की माणूस निदान गुरं राखतोय असं तरी वाटतं.

दुपारी सेन्सेई म्हणाले, आता लिफ्ट. तारेवर लटकत येणारी चौघांची खुर्ची. ती थांबत नाही, आपण तिच्या वाटेत उभं राहायचं आणि तिने मागून गुडघ्यावर मारलं की बसायचं. बसणं जमलं. वरचा देखावाही पाहिला, झाडांच्या फांद्यांवर बर्फाच्या उशा, खाली खेळण्यातल्यासारखी गाडी. मुलगी म्हणाली, “बाबा, उतरताना उभं राहून नुसतं सरळ जायचं.” ती नुसती सरळ गेली. बायको सरळ गेली. मी उभा राहिलो, आणि त्या मापाने रुंद विजारीचा मागचा बोंगा खुर्चीच्या दांड्यात अडकला. मी सरळ जायला लागलो, विजार परत जायला लागली. दोघांच्या ओढाताणीत शेवटी विजारीने सोडलं आणि मी उतरायच्या जागेवर आडवा.

लिफ्ट थांबली. माझ्या मागे डोंगरभर माणसं हवेत लटकत राहिली. माझ्या एका फळीखाली माझीच काठी, त्या काठीच्या दोरीत माझाच हात. लिफ्टवरचा पोरगा फावडं टाकून धावत आला आणि वाकून माझीच माफी मागायला लागला. मीही आडव्याने माफी मागितली. वर लटकलेल्यांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. नुसता वारा. दहिवडी स्टँडवर असतो तर एव्हाना “ए भावड्या, उठतोस का अंथरूण घालू?” असं कुणीतरी विचारलं असतं, चारजण हसले असते, मीही हसलो असतो आणि मोकळा झालो असतो. त्या सभ्य शांततेत मी साधारण अर्धा मिनिट पडून होतो. लग्न ठरवायला पाहुणे आले होते तेव्हाही मला इतका घाम फुटला नव्हता. पाठीवरच्या काइरोने त्यात भर घातली.

त्यानंतर मी खाली कसा आलो हे विचारू नका. टप्प्याटप्प्याने आलो. पण त्या टप्प्यांमध्ये मला माझ्या सहकाऱ्याची सगळी परिभाषा समजली. वरच्या सावलीतला बर्फ खरोखर पिठासारखा होता. त्यात पडलं की आवाजच होत नाही, बारीक दळलेल्या ज्वारीत बूड टेकल्यासारखं वाटतं, फक्त तोंडात, कानात आणि कॉलरमधून पाठीत जातं. मधल्या उतारावर दुपारचं ऊन लागलं होतं, तिथला रवाळ झालेला, आईच्या कढवलेल्या तुपासारखा. त्यात घसरलं की तो कोपरं खरवडतो. त्याखाली लोकांच्या तुडवण्याने ओला, गिच्च, बिघडलेल्या मऊभातागत पायाला धरणारा. आणि शेवटच्या वळणावर, ऊन गेल्यावर, आइसुबान. आता हा शब्द उच्चारताना माझाही चेहरा तसाच होतो, आणि हात आपोआप माकडहाडावर जातो. जाणकार लोक बर्फ मुठीत दाबून पाहतात म्हणे. माझी पारख जरा खालच्या अंगाने आहे, पण चुकायची नाही.

मुलगी तोवर सहा फेऱ्या करून आली होती. तिचं अक्षर तिच्या आईवर गेलंय.

संध्याकाळी बसने शेजारच्या एचिगो-युझावाला उतरलो. बूट काढल्यावर साध्या चपट्या बुटात चालताना वाटतं, आपण उडतोय की काय. बायको आणि मुलगी स्टेशनात काहीबाही घ्यायला गेल्या. मी बाहेर उभा राहून आईला व्हिडिओ कॉल लावला. बसणं शक्य नव्हतंच. पुन्हा बर्फ पडायला लागला होता, मोठाले, ओले तुकडे. रस्त्याच्या मधोमध लोखंडी तोट्यांची रांग होती आणि त्यांतून पाण्याच्या छोट्या चिळकांड्या उडत होत्या. जमिनीतलं पाणी बर्फापेक्षा कोमट असतं, ते असं रस्त्यावर सोडून ठेवलं की बर्फ साचतच नाही. त्या पाण्यातल्या लोहाने रस्ते तांबूस झालेत, आपल्याकडे बोअरच्या पाण्याने मोरी होते तसे.

गावी दुपार होती. आई सोप्यात आडवी झाली होती.

“कानाला बांधलंयस का काय?” तिने पहिलं विचारलं.

मी टोपी दाखवली. मग उत्साहाने डोंगर दाखवला, छपरांवरचा बर्फ दाखवला, मी पडलो ते गाळून बाकीचं सांगितलं. पिठाचा बर्फ, रवाळ बर्फ, गिच्च बर्फ. ती ऐकत नव्हती. डोळे बारीक करून माझ्या खांद्यामागे बघत होती.

“ते मरू दे. तुझ्या मागं रस्त्यात पाइप फुटलाय का रं?”

“फुटला नाही आई. मुद्दाम सोडलंय. बर्फ वितळायला.”

“कुठलं पाणी?”

“जमिनीतलं.”

“बोअरचं?”

“हो, तसंच.”

“किती येळ?”

“बर्फ पडतोय तोवर. रात्रभरसुद्धा.”

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं. पण चित्र हलत होतं. आई उठून बसली होती, पदर खोचत होती.

“फोन दे बघू तिथल्या कुणाला तरी.”