सरकारी वकिलाची सनद कधी जाणार?

2025 च्या जुलैत मुंबई हायकोर्टाने 2006 च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या 12 जणांना निर्दोष सोडलं, तेव्हापासून आमच्या ठाण्याच्या घरच्या ग्रुपवर पेटलेला वाद अजून चालूच आहे. साहजिक आहे, एक स्फोट मिरा रोडला झाला होता म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, आणि लोकलने कोणीच जात नाही असं घर ठाण्यात शोधून सापडायचं नाही. सुप्रीम कोर्टाने लगेच सांगितलं की या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत द्यायचा नाही, त्यामुळे त्यातलं खरंखोटं मी इथे बसून ठरवणार नाही. माझा वाद आहे तो काकांच्या एका वाक्याशी, की आरोपीच्या बाजूचं बघणं हे सरकारी वकिलाचं कामच नाही, त्याने फक्त शिक्षा मिळवून द्यायची. सगळ्यांनी त्याला अंगठे दिले.

काका, तसं नाहीये हो. बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणारी संस्था, तिच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की सरकार पक्षाच्या वकिलाने निर्दोष माणसाला शिक्षा होणार नाही अशा रीतीने खटला चालवायचा आणि आरोपीला निर्दोष ठरवू शकेल असा पुरावा दडवायचा नाही. नियम मोडला तर ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खाली समज मिळण्यापासून सनद जाण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. निदान कागदावर तरी.

मी राहतो ते राऊंड रॉक शहर अमेरिकेत टेक्सासच्या विल्यमसन काउंटीत येतं. इथेच 1987 मध्ये मायकेल मॉर्टनला बायकोच्या खुनासाठी जन्मठेप झाली. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाने आजीला सांगितलं होतं की मारणारा बाबा नव्हता, आजीने ते पोलिसांना सांगितलं, त्याची नोंद पण झाली, फक्त ती बचावाच्या वकिलापर्यंत पोचू दिली नाही. जवळपास 25 वर्षं माणूस आत. 2011 मध्ये डीएनएमुळे सुटला, आणि त्याच डीएनएवरून खरा खुनी सापडला, ज्याने 1988 मध्ये ऑस्टिनला अजून एका बाईचा जीव घेतला होता. पीडितांची बाजू म्हणून आपण जे तावातावाने बोलतो त्यात ही दुसरी बाई कुठेच नसते, आणि मला ते फार लागतं.

तो सरकारी वकील केन अँडरसन, मधल्या काळात जज झाला होता. 2013 मध्ये त्याची सनद गेली आणि 10 दिवसांची जेल झाली, बस. आणि अमेरिकेत एवढं होणंही दुर्मिळ, शिवाय तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या 1976 च्या इम्ब्लर निकालानुसार खटला चालवताना केलेल्या कामासाठी सरकारी वकिलावर नागरी हक्कांच्या कायद्याखाली भरपाईचा दावाच लावता येत नाही. त्यामुळे इथलं सगळं छान असं मी अजिबात म्हणत नाहीये.

पण टेक्सासने मग मॉर्टनच्याच नावाने कायदा केला, 2014 पासून लागू, सरकारी वकिलाने बचावाला फाइल उघडी करायची आणि काय काय दिलं त्याची लेखी नोंद ठेवायची. आपल्या सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये साधारण याच दिशेने सांगितलंय, की जप्त केलेल्या पण चार्जशीटमध्ये न वापरलेल्या कागदांची आणि वस्तूंची यादी आरोपीला द्या. म्हणजे दडवलं की नाही हे त्या यादीवरून कळू शकतं. पुढे तक्रार कोण करणार हा प्रश्न. माझी मामेबहीण वकिली करते, ती म्हणते, "दादा, ज्याच्याशी रोज कोर्टात गाठ पडते त्याच्याविरुद्ध मी बार कौन्सिलकडे जाऊ?" तिचं चुकत नाही. पण कलम 35 मध्ये तक्रारीवाचूनही बार कौन्सिल स्वतःहून प्रकरण शिस्तपालन समितीकडे पाठवू शकते. मग कोर्टाने निकालात पुरावा दडवल्याचं लिहिलं असेल तर तो परिच्छेद थेट बार कौन्सिलकडे जायला काय हरकत आहे, कुठल्या वकिलाला पुढे यायची गरजच नाही. चुकून राहिलेला कागद आणि मुद्दाम दडवलेला कागद वेगळे, टेबलावर फायलींचा ढीग असतो हे मलाही कळतं, पण ते चौकशीत ठरू दे ना काका, चौकशीच नको हे कशासाठी?