‘रिकामा वेळ’ या शेऱ्याला उत्तर

नमस्कार. बग (प्रोग्राममधला दोष) कळवताना सोबत छोटा, एकटा चालणारा कोड द्यावा, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: “रिकामा वेळ असलेल्यांनी कोड छाटत बसावं. आम्ही अख्खा प्रोजेक्ट पाठवतो, शोधणं त्यांचं काम. छाटताना बगच गायब झाला तर? आणि लेख केवढा लांब!”

गायब होण्याचं थोडंफार मान्य. एकाच वेळी चालणाऱ्या दोन थ्रेडच्या (कामांच्या) शर्यतीतला बग ओळी कमी केल्या की लपू शकतो. तेव्हा तसं सांगून मोठा नमुना द्यावा.

पण “रिकामा वेळ”? कुणाशी बोलतोय हे माहीत नसताना असं लिहू नये. मी कित्येक वर्षं सपोर्टमध्ये काढली, रात्रपाळ्यांसकट. झिप फाइल यायची, आतला डेटाबेस आमच्याकडे नसायचा, एररचा मोबाइलवर काढलेला तिरपा फोटो आणि खाली ‘चालत नाही, अर्जंट’. त्या फोटोतला कोड बघून टाइप करणारी मी होते. वेळ कुणाचा जातो, हे मला तुम्ही शिकवू नका.

आणि छाटता छाटताच बग सापडतो, हे तुम्ही लक्षातच घेत नाही. एका हिशेबात एप्रिलची काही बिलं मार्चमध्ये पडत होती. मी फाइल बाजूला ठेवली आणि ‘०३/०४/२०२३’, ‘१३/०४/२०२३’ एवढ्या दोन तारखा पँडाज या पायथनमधल्या तयार कोडच्या लायब्ररीतल्या, तारखा ओळखणाऱ्या टू_डेटटाइम फंक्शनला दिल्या. आवृत्ती १.५ ने पहिली ४ मार्च धरली, दुसरी १३ एप्रिल. फार तर एक वॉर्निंग. २.० पासून पहिल्या तारखेवरून साचा ठरतो, त्यामुळे तोच कोड दुसऱ्या तारखेवर एरर देतो. उपाय साधा, दिवस आधी येतो हे सांगणारं डेफर्स्ट ट्रू करणं किंवा तारखेचा साचा स्वतः देणं. तीन ओळींचा नमुना, वर आवृत्ती लिहिलेली. अख्खा प्रोजेक्ट पाठवला असता तर ग्राहकांची बिलं आणि पासवर्डही बाहेर गेले असते!

छाटायला माणूसच लागतो असंही नाही. छापताना मोझिला ब्राउझर बंद पाडणारं, वेबपानाचं ८९६ ओळींचं एचटीएमएल झेलर आणि हिल्डेब्रांट या संशोधकांनी प्रोग्रामकडून छाटून एका ओळीवर आणलं. त्यांचा शोधनिबंध २००२ चा आहे. दोषी निघाला निवडीची यादी दाखवणारा सिलेक्ट टॅग.

“त्यांचं काम” म्हणता, ते ‘ते’ म्हणजे बऱ्याचदा नोकरी करून उरलेल्या वेळात फुकट लायब्ररी सांभाळणारी माणसं. त्यांच्याशी असं बोलता?

लेखाच्या लांबीवरच्या टोमण्याला उत्तर देत नाही. तुमचा अडलेला बग चालणाऱ्या नमुन्यासह, आवृत्ती आणि अपेक्षित उत्तर लिहून पाठवा, मी स्वतः बघेन. झिप उघडणार नाही.