शून्याचे वीस टक्के

विकासदराचे आकडे आले की आपल्याकडे लगेच दोन गट पडतात. एक फटाके वाजवतो, दुसरा आकडेच खोटे म्हणतो. मी म्हणतो, खरेच धरा. कोरोनाच्या टाळेबंदीत, एप्रिल ते जून 2020 मध्ये अर्थव्यवस्था जवळपास 24 टक्क्यांनी आक्रसली आणि पुढच्या वर्षी उसळून वर आली. प्रश्न एवढाच, की वर काढताना हात कुणाला दिला?

सदाशिव पेठेत मी छोट्या धंदेवाल्यांची जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करतो. त्यामुळे 12 मे 2020 ला 20 लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं तेव्हा दुसऱ्या दिवसापासून फोन थांबेनात. "आपल्याला काय मिळणार?" उत्तर द्यायला जीव कचरायचा. कारण त्या आकड्यातला मोठा भाग म्हणजे कर्जं, हमी आणि रिझर्व्ह बँकेने आधीच सोडलेली रोकड. थेट हातात पडणारा पैसा थोडा.

छोट्या उद्योगांसाठीची सगळ्यात मोठी योजना 3 लाख कोटींची, विनातारण. नियम असा: 29 फेब्रुवारी 2020 ला तुमच्यावर जेवढं कर्ज बाकी, त्याच्या 20 टक्के नवं कर्ज, हमी सरकारची. ज्याने वीस लाख उचलले होते त्याला चार लाख. आणि ज्याने जन्मात कर्ज काढलं नाही त्याला? शून्याचे वीस टक्के काढा.

आमच्या गल्लीतल्या मेसवाल्या काकू या शून्यातल्या. एमपीएससी करणारी साठ-सत्तर पोरं दोन वेळा जेवायची, पोळ्यांना दोन बायका, जागा भाड्याची. मार्च 2020 मध्ये पोरं गावी गेली ती गेलीच. कॉटबेसिसच्या खोल्या, अभ्यासिका, झेरॉक्सवाले सगळे एका दमात बसले. काकू बँकेत गेल्या तर "आधीचं लोन नाही, योजनेत बसत नाही." पथारीवाल्यांसाठी 10 हजारांची स्वनिधी योजना आली, पण काकूंची चूल रस्त्यावर नव्हती, घरात होती. छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा कर्जाला तीन वर्षांची रिटर्न्स मागितली. वहीत उधारी लिहिणाऱ्या बाईकडे रिटर्न कुठलं?

त्यांच्यासाठी एकच दार उघडं राहिलं, सोनेतारणाचं. ऑगस्ट 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने सोन्याच्या किमतीच्या 75 ऐवजी 90 टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा बँकांना दिली. बांगड्या त्याच, रक्कम थोडी जास्त. याला दिलासा म्हणायचं असेल तर म्हणा. मार्च 2021 मध्ये परीक्षा पुन्हा पुढे ढकलली आणि पोरं नवी पेठेत रस्त्यावर बसली, तेव्हा टीव्हीवर पोरांचं नुकसान दिसलं. काकूंचं गहाणाचं व्याज कुणी दाखवलं नाही.

पोळ्या करणाऱ्या दोघींपैकी एक गावी गेली, ती शेतावर मजुरीला लागली. तिच्यासारख्या कितीजणी असतील याचा अंदाज सरकारच्याच श्रमिक सर्वेक्षणात आहे. शेतीवर असलेल्यांचा वाटा 2018-19 मध्ये 42.5 टक्के होता, 2020-21 मध्ये 46.5 झाला आणि 2023-24 मध्येही 46 च्या वरच होता. देश पुढे जातो तशी माणसं शेतीतून कारखान्याकडे जातात असं आपण शाळेत शिकलो. इथे उलटी वाट धरली आणि बरेच परतलेच नाहीत.

दुसरी खूण गाड्यांची. दुचाकींची देशातली विक्री 2018-19 मध्ये 2 कोटी 11 लाखांवर होती, 2021-22 मध्ये 1 कोटी 35 लाखांच्या आसपास घसरली. त्याच्या पुढच्याच वर्षी मोटारींनी विक्रीचा उच्चांक केला. कोण सावरलं आणि कोण नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

सरकारने सगळंच चुकीचं केलं असं मात्र नाही. फुकट धान्य नसतं तर हाहाकार झाला असता. त्या हमी कर्जाने माझेच काही अशील तरले. अमेरिकेने लोकांच्या खात्यात सढळ हाताने पैसे टाकले आणि जून 2022 मध्ये तिथली महागाई 9.1 टक्क्यांवर गेली, त्याला बाकीचीही कारणं होती, पण तो धडा आहेच. पुढे आपण भर दिला रस्ते-रेल्वेसारख्या भांडवली खर्चावर, 2023-24 च्या बजेटमध्ये अशा सगळ्या खर्चासाठी मिळून 10 लाख कोटी. रस्ते हवेतच. पण जेसीबी आणि डंपर जिथे काम करतात तिथे पोळ्या लाटणारीला हजेरी मिळत नाही.

चीड याची येते, की महाराष्ट्राला हे नवीन नाही. 1972 च्या दुष्काळात आपण लोकांना कर्जाचे फॉर्म वाटले नव्हते, काम आणि मजुरी दिली होती. तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमी, पुढे तिचा कायदा. पैसा कुठून आणला? 1975 पासून शहरातल्या कमावत्यांकडून, व्यवसाय कर लावून. पगाराच्या स्लिपवर 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात ना, ते हेच. कमाल मर्यादा वर्षाला 2,500, आणि ती 1988 च्या घटनादुरुस्तीपासून हललेली नाही. तेव्हाचे अडीच हजार आणि आजचे यांत काही फरक पडला असेल की नाही?

2020-21 मध्ये मनरेगावर, म्हणजे केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमीवर, 1 लाख 11 हजार कोटींच्या आसपास खर्च झाला, म्हणून खेड्यात निदान कुदळ मारायची तरी सोय होती. शहरात तीही नव्हती. राजस्थानने सप्टेंबर 2022 मध्ये शहरी रोजगार हमी सुरू केली, केरळात तर 2010 पासून आहे. ज्या राज्याने ही कल्पना देशाला दिली ते मागे का?

शहरात कामं काय देणार, असं विचारणाऱ्यांनी पावसाळ्याआधी आपल्याच वॉर्डातले नाले बघून यावेत. अंगणवाडीची रंगरंगोटी, ओढ्याकाठची झाडं, पालिका शाळांमधलं स्वयंपाकघर, सरकारी दवाखान्यातलं केसपेपरचं टेबल. मजुरी किती ठेवायची, ठेकेदाराला लांब कसं ठेवायचं, कर किती वाढवायचा, यावर खुशाल भांडू. फक्त कमेंटमध्ये 'रेवडी' एवढाच शब्द टाकून पळू नका.